हरकत आहे!

मराठी माणसाच्या तोंडी ‘हरकत’ हा शब्द एकटा क्वचितच येतो. त्याच्या मागोमाग ‘नाही’ येतेच. खिडकी उघडू का? हरकत नाही. चपला इथेच काढू का? हरकत नाही. शेजारच्या लग्नाचा मांडव आपल्या दारापर्यंत आला, तरी हरकत नाही. सरकार मात्र अधूनमधून आपल्याला लेखी विनंती करते की हा शब्द ‘नाही’शिवाय वापरून पाहा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर निविदा, हरवलेली भागपत्रे आणि वारसाच्या नोटिशी यांच्या दाटीत एक चौकट असते. अमुक नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला आहे, त्यावर हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत पाठवाव्यात, असे तीत म्हटलेले असते. ती वाचणारे किती आणि वाचून काही लिहून पाठवणारे किती, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आम्ही तर या धंद्यात असूनही शब्दकोड्याकडे जाताना ती चौकट कित्येकदा ओलांडून गेलो आहोत.

आज तिची आठवण निघण्याचे कारण पंचांगातले नाही, पण तारखेचे आहे. १० जून २००३ रोजी विद्युत अधिनियम अमलात आला. आपल्या घरच्या बिलापासून देशाच्या वीजबाजारापर्यंत सगळे आज त्या कायद्यावर उभे आहे. आणि १५ जूनला नेपाळच्या नद्यांतली वीज बांगलादेशाकडे निघते. काठमांडूत ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या त्रिपक्षीय करारानुसार दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, म्हणजे पावसाचे पाच महिने, ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशाला जायची आहे. त्या वर्षी हंगामाच्या अखेरच्या दिवशी ती नमुन्यादाखल गेली, पूर्ण हंगाम जून २०२५ पासून सुरू झाला. नेपाळातल्या ढल्केबरहून बिहारमधल्या मुझफ्फरपूरला, तिथून आपल्या जाळ्यातून पश्चिम बंगालमधल्या बहरामपूरला आणि मग सीमा ओलांडून भेरामाऱ्याला. दर युनिटला ६.४ अमेरिकी सेंट.

चाळीस मेगावॉट म्हणजे आपल्या कोयनेच्या क्षमतेचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. तेवढ्यावर ढाक्याचे दिवे उजळणार नाहीत आणि नेपाळची तिजोरीही भरणार नाही. पण दोन शेजाऱ्यांमधली वीज तिसऱ्याच्या अंगणातून जाणे ही आपल्या उपखंडात नवलाची गोष्ट होती. ती घडण्याआधी दिल्लीत एक नियम लिहावा लागला, त्यावर शेजाऱ्यांना नाराज व्हावे लागले आणि तो नियम मोडून पुन्हा लिहावा लागला. आम्हाला चाळीस मेगावॉटपेक्षा या पुन्हा लिहिण्याचे कौतुक जास्त आहे.

शेजाऱ्यांशी विजेची देवाणघेवाण तशी जुनी. भूतानमधला ३३६ मेगावॉटचा चुखा प्रकल्प आपल्या पैशाने उभा राहिला आणि १९८० च्या दशकापासून त्याची वीज आपल्याकडे येऊ लागली. पुढे ताला आला, मांगदेछू आला. बांगलादेशाला जोडणारी बहरामपूर-भेरामारा ही ५०० मेगावॉटची जोडणी ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात आपण भूतानकडून घेतली त्याहून जास्त वीज नेपाळ, बांगलादेश आणि म्यानमार यांना दिली. भारत पहिल्यांदाच विजेचा निव्वळ निर्यातदार झाला. हे सगळे बरीच वर्षे दोन सरकारांतल्या करारांवर चालले होते. व्यवहार वाढला तशी सर्वांना लागू होणाऱ्या नियमांची गरज पडली, आणि नियम आले की कोणाच्या तरी पायावर पाय पडतोच.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ५ डिसेंबर २०१६ रोजी सीमापार वीजव्यापाराची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शेजारच्या देशातला प्रकल्प भारतीय मालकीचा किंवा तिथल्या सरकारचा असेल तर वाट मोकळी. खासगी वा परकी भांडवलाचा असेल तर प्रत्येक प्रकरण वेगळे तपासले जाणार. भारतीय मालकी किमान ५१ टक्के असावी, ही अट काठमांडू आणि थिंफूत फार झोंबली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आपण नेपाळशी वीजव्यापाराचा करार केला होता, नोव्हेंबरमध्ये सार्कच्या व्यासपीठावर विजेच्या सहकार्याच्या चौकट करारावर सही केली होती. तिथे एक बोलायचे आणि नियमात दुसरे लिहायचे, हे शेजाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी हरकत घेतली. १८ डिसेंबर २०१८ रोजी जुनी तत्त्वे बाजूला ठेवून नवी आली. मालकीच्या टक्क्याची अट गेली आणि तिसऱ्या देशाला आपल्या जाळ्यातून वीज नेण्याची वाट उघडली. दरम्यान केंद्रीय वीज नियामक आयोगाने याच विषयावरचा आपला मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. मार्च २०१९ मध्ये अंतिम नियम निघाले. ढल्केबरहून भेरामाऱ्यापर्यंतची तार त्या दोन वर्षांच्या वादातून गेली आहे.

म्हणजे हरकत घेतल्याने फरक पडतो. फक्त घेणारा कोण होता ते पाहावे. हरकत घेणारी सरकारे होती, ज्यांना राजदूत असतात. मसुद्यावर लिहून पाठवतात त्या वीजकंपन्या, व्यापारी संस्था आणि सल्लागार. त्यांच्याकडे तेवढ्याच कामासाठी पगारी माणसे असतात. दोलख्याच्या माणसाला कोणी विचारले नाही. दोलखा हा नेपाळमधला डोंगराळ जिल्हा. तिथे ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प आहे, २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेला. पैसा नेपाळचाच, आणि १० टक्के समभाग त्या जिल्ह्यातल्या रहिवाशांसाठी राखलेले. गावकऱ्यांनी शेळ्या-मेंढ्या विकून, कर्ज काढून समभाग घ्यावेत, असे ते स्वप्न. पण आपल्या नियमांना पूरक म्हणून २०२१ मध्ये जी कार्यपद्धती आली, तिच्यात चीनचे नाव न घेता चीनला दूर ठेवण्याची तरतूद आहे, आणि या प्रकल्पाचे बांधकाम चिनी कंत्राटदाराने केलेले. त्याची वीज भारत घेत नाही, ही नेपाळची तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिली. देशाच्या सुरक्षेचा विचार सरकारने करू नये असे आम्ही म्हणणार नाही. गलवानच्या चकमकीनंतर तर मुळीच नाही. पण दिल्लीतल्या एका परिच्छेदाचा भार दोलख्यातल्या समभागावर पडतो, हे तो परिच्छेद लिहिणाऱ्याला ठाऊक तरी असावे.

दोलखा दूर राहिले. आपल्या ताटातले पाहू.

महावितरणचे बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि मग येतो इंधन समायोजन आकार. बहुतेकांची नजर या ओळीवरून घसरते आणि थेट खालच्या एकूण रकमेवर जाते. परदेशातल्या खाणीत, बंदरात किंवा मंत्रालयात काही हलले की त्याचा हिशेब आपल्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरपर्यंत पोचतो तो बहुधा याच ओळीतून. काही वेळा तर ओळीची वाटही बघितली जात नाही, थेट करारच उलटवला जातो.

मुंद्र्याची गोष्ट तशी आहे. कच्छच्या किनाऱ्यावर टाटा पॉवरच्या कंपनीने ४,००० मेगावॉटचा प्रकल्प उभारला. निविदेत २ रुपये २६ पैसे असा सरासरी दर देऊन तिने तो मिळवला होता. पाच राज्यांनी २००७ मध्ये वीजखरेदीचे करार केले. महाराष्ट्राच्या वाट्याला ७६० मेगावॉट. कोळसा यायचा होता इंडोनेशियातून, स्वस्तात. शेजारीच अदानींचा प्रकल्प, त्याचीही भिस्त त्याच कोळशावर. मग सप्टेंबर २०१० मध्ये इंडोनेशियाने आपला नियम बदलला. कोळसा यापुढे जागतिक भावाशी जोडलेल्या किमतीलाच निर्यात होईल, जुने करारही वर्षभरात या चौकटीत बसवावेत. त्यांच्या देशाचा माल, त्यांच्या देशाचा नियम. त्यांची चूक काढता येत नाही. पण जकार्तातल्या त्या कागदाने इथले गणित फिस्कटले. कंपन्या केंद्रीय आयोगाकडे गेल्या, वाढीव भरपाई मागितली, आयोगाने ती देऊ केली. अपिलीय न्यायाधिकरणाने परदेशी नियमातला बदल ही जणू दैवी आपत्तीच आहे, असा कौल दिला.

इथे काही लोक ‘हरकत नाही’ म्हणाले नाहीत. एनर्जी वॉचडॉग ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट ग्राहकांच्या बाजूने आयोगापासूनच लढत होता. ११ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने निकाल दिला: इंधन महाग झाले म्हणून करार अशक्य झाला असे होत नाही; ‘कायद्यातील बदल’ म्हणजे भारताच्या कायद्यातला बदल, इंडोनेशियाच्या नव्हे; निविदा भरताना धोका पत्करला असेल तर तो ज्याने पत्करला त्याचाच. देशातल्या कोळशाच्या तुटवड्यापुरती सवलत न्यायालयाने ठेवली, पण परदेशी भावाचा बोजा ग्राहकावर टाकायला नकार दिला. पुढे समित्या झाल्या, तडजोडी निघाल्या, प्रकरण साधे सरळ संपले नाही. तरी या एका निकालाने पाच राज्यांतल्या कोट्यवधी बिलांचे काय वाचवले, याची जाणीव त्या बिलांच्या मालकांपैकी फार थोड्यांना असेल. पुण्यातले काही अभियंते दहा-दहा किलोच्या फायली चाळत बसले होते म्हणून ते झाले.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. एन्रॉन कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प आठवत असेलच. एन्रॉनशी पहिला समजुतीचा करार जून १९९२ मध्ये झाला, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये, आणि तो करार वाचायला मागणाऱ्याला वर्षानुवर्षे ‘गोपनीय’ एवढेच उत्तर मिळे. जागतिक बँकेने १९९३ मध्येच हा व्यवहार परवडणारा नाही असे कळवले होते. दर डॉलरशी बांधलेला, इंधन आयातीचे. आधी नाफ्था आणि पुढे आखातातून यायचा द्रवरूप वायू. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, माधव गोडबोले यांच्या समितीने त्याची चिरफाड केली. तोवर वीज मंडळाचे कंबरडे मोडले होते. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला. त्याच्या जनसुनावण्या, त्याच्या हरकती-सूचना, ग्राहक प्रतिनिधी नेमण्याची त्याची पद्धत, हे सगळे दाभोळच्या राखेतून उगवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. दाभोळमुळे महाराष्ट्राला त्याची किंमत कळली, एवढे खरे. त्या प्रकल्पाविरोधात गुहागरच्या रस्त्यावर लाठ्या खाणाऱ्यांना जर १९९३ मध्ये एक चौकट, एक तारीख आणि एक पत्ता मिळाला असता, तर काय झाले असते हे आम्ही अनेकदा मनाशी बोललो आहोत.

आता अलीकडचा ऑगस्ट. २०२४ सालचा. ५ ऑगस्टला बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून निघाल्या. १२ ऑगस्टला आपल्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या तत्त्वांत दुरुस्ती केली: फक्त निर्यातीसाठी उभारलेल्या प्रकल्पाची वीज परदेशी ग्राहक सातत्याने उचलत नसेल किंवा पैसे थकवत असेल, तर सरकारची परवानगी घेऊन तो प्रकल्प भारताच्या जाळ्याला जोडून देशात वीज विकू शकेल. झारखंडमधल्या गोड्ड्याचा अदानींचा १,६०० मेगावॉटचा प्रकल्प पूर्णपणे बांगलादेशासाठी बांधलेला आहे. २०१७ मध्ये पंचवीस वर्षांचा करार, परदेशी कोळसा, विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा आणि स्वतंत्र तार.

दुरुस्तीत गैर काय, असे कोणी विचारेल तर आम्हीही थोडे अडखळू. एवढा मोठा संच बांगलादेशातल्या उलथापालथीमुळे बंद पडून राहावा आणि इथे उन्हाळ्यात भारनियमन व्हावे, हे शहाणपणाचे नाही. पण प्रश्न त्यानंतरचे आहेत. ती वीज देशात आणणाऱ्या नव्या तारेचा खर्च कोणाच्या वहन आकारात जाणार? निर्यातीसाठी दिलेल्या सवलतींचे, माल देशातच विकला गेला तर, काय होणार? परदेशी ग्राहक पुन्हा पैसे भरू लागला की वीज परत तिकडे वळणार, की इथल्या खरेदीदाराचा काही हक्क लागणार? यातले काही प्रश्न बाळबोध असतील, काहींची उत्तरे मंत्रालयाच्या फायलीत तयारही असतील. ती आठवड्याभरात आम जनतेपुढे येणे शक्य नव्हते.

त्याच ऑगस्टमध्ये ढाक्यात उलट काही घडत होते. हसीना सरकारने कायदा दुरुस्त करून वीज-वायूचे दर सुनावणीशिवाय ठरवण्याची सोय करून घेतली होती. हंगामी सरकारने ऑगस्टच्या अखेरीस ती सोय काढून टाकली आणि दर ठरवताना जनसुनावणी पुन्हा बंधनकारक झाली. २०१० चा एक विशेष कायदा होता, ज्याच्या आधारे निविदा न काढता वीजकरार होत आणि त्यांवर कोर्टात जाता येत नसे. त्याची महत्त्वाची कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये रद्द केली, महिनाअखेरीस तो कायदाच गेला. रस्त्यावर रक्त सांडून आलेल्या सरकारने इतक्या लवकर हात घातलेल्या गोष्टींत जनसुनावणी असावी, हे आम्हाला चटका लावून गेले. हंगामी सरकारबद्दल आमचे इतर अनेक आक्षेप आहेत, ते वेगळ्या दिवशी.

आपला कायदा याबाबत बोलका आहे, फक्त अर्धाच बोलतो. विद्युत अधिनियमाच्या कलम १७८ प्रमाणे केंद्रीय आयोगाने करायचा प्रत्येक विनियम आधी प्रसिद्ध करावा लागतो. राज्य आयोगांसाठी तेच कलम १८१ मध्ये आहे. पूर्वप्रसिद्धी कशी करायची याचे वेगळे नियम २००५ मध्ये निघाले. कलम ६४ प्रमाणे दरवाढीच्या अर्जावर लोकांच्या हरकतींचा विचार केल्याशिवाय आदेश देता येत नाही. म्हणजे आयोगाच्या दारात ग्राहकाला पाट मांडलेला आहे. पण मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांना ही अट लागत नाही. आणि सीमापार व्यवहारात खरी कळ आहे ती मंत्रालयाच्या हातात. आयोग वजनमापे ठरवतो: तारेवर जागा कोणाला, हिशेब कसा, दंड किती. कोणाची वीज आत येईल आणि कोणाची नाही, हे तत्त्वे ठरवतात. जिथे किरकोळ ठरते तिथे हरकती मागवायच्या आणि जिथे मुख्य ठरते तिथे ज्ञापन काढायचे, असा हा संसार.

सरकारचेच २०१४ चे धोरण आहे की कोणताही कायदा किंवा दुय्यम नियम करण्यापूर्वी किमान तीस दिवस मसुदा लोकांपुढे असावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध व्हावा. धोरण म्हणजे इच्छा. ती मोडली म्हणून कोणी कोर्टात खेचत नाही. दूरसंचार कंपन्यांच्या ‘कॉल ड्रॉप’ प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेला सुचवले होते की नियम करताना जनतेशी विचारविनिमय करणे आणि कारणे देणे यासाठी कायदाच करावा. इतकी वर्षे झाली, त्या सूचनेवर संसदेची हरकत आली नाही आणि कायदाही आला नाही.

आमची मागणी फार नाही. विजेच्या आयात-निर्यातीची मार्गदर्शक तत्त्वेही पूर्वप्रसिद्धीच्या वाटेने यावीत. आणीबाणी असेल तर आधी निर्णय घ्यावा आणि नंतर ठरावीक दिवसांत तो लोकांपुढे ठेवावा. मे २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईत परदेशी कोळशावरचे सगळे संच पूर्ण क्षमतेने चालवण्याचा कलम ११ चा आदेश निघाला तो समजण्यासारखा होता, पण त्या जातीच्या आदेशांना पुढे पुन:पुन्हा मुदतवाढ मिळत गेली, तेव्हा ‘आणीबाणी’ या शब्दाचाच पाया खचला. मसुद्याबरोबर एक पानाचा हिशेब जोडावा: हा बदल झाला तर घरगुती ग्राहकाच्या युनिटमागे काय फरक, वर जाईल की खाली. आयोगांच्या विनियमांबरोबर कारणांचे निवेदन येते, त्यात कोणी काय म्हटले आणि ते का मानले वा मानले नाही हे असते. ती चांगली सवय मंत्रालयाने उचलावी.

आणि भाषा. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा २०२० मध्ये फक्त इंग्रजी-हिंदीत निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या बावीस भाषांत भाषांतरित करून घेण्याचा आदेश दिला होता. सरकारला तो पचला नाही, पण त्यामागचे साधे म्हणणे खोडता आले नाही: जे वाचता येत नाही त्यावर हरकत कशी घेणार?

‘लोकांच्या सूचना म्हणजे नुसती कॉपी-पेस्ट असते, एकच पत्र हजारदा येते,’ असे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी आम्हाला एकदा त्रासून सांगितले. खोटे नव्हते. शंभरांतली नव्वद पत्रे विषयाला सोडून असतात. मीटरपासून मोदींपर्यंत सगळे त्यांत येते. उरलेल्या दहांत दोन अशी निघतात की मसुदा लिहिणारा चष्मा काढून पुन्हा घालतो. ती दोन शोधण्याचा पगार त्या अधिकाऱ्यांना मिळत होता, हे आम्ही त्यांना बोललो नाही. चहा पाजत होते.

काही वर्षांपूर्वी एका विभागीय शहरात दरवाढीच्या जनसुनावणीला आम्ही बसलो होतो. सभागृहात पुढच्या तीन रांगा कंपनीच्या अभियंत्यांनी भरलेल्या. सादरीकरण तास दीड तास चालले. मग औद्योगिक संघटनांचे सल्लागार उठले, त्यांना परिच्छेद आणि तक्ते तोंडपाठ. अडीच वाजता, जेवणाचे वास यायला लागल्यावर, साठी उलटलेल्या एका शेतकऱ्याचे नाव पुकारले गेले. दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले बिल त्यांनी बाहेर काढले. रात्रीच्या पाळीची दहा तासांची वीज, अंधारात पाणी धरायला गेलेला मुलगा, विंचू, असे सुरू झाले. अध्यक्षस्थानी बसलेल्यांनी सौम्यपणे विचारले, ‘आपला मुद्दा याचिकेतल्या कोणत्या परिच्छेदाशी संबंधित आहे?’

‘साहेब, याचिका इंग्रजीत आहे. मराठीतला सारांश मिळाला, तो वाचला. त्यात माझ्या बिलातली ही चौथी ओळ कुठं सापडत नाही,’ ते म्हणाले. ‘ही दर महिन्याला बदलते. हिचा मालक कोण, तेवढं सांगा.’

सभागृह हसले. ते हसले नाहीत. कोणीतरी इंधनाच्या बदलत्या किमती, आयात कोळसा, सूत्र असे समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘म्हणजे तिकडं भाव वाढला की माझं वाढणार. तिकडं ठरवताना आपल्यातलं कोणी असतं का?’

उत्तर आले ते आमच्या वहीत नाही. जेवणाची वेळ झाली होती. बाहेर पडताना टेबलावरच्या नोंदवहीत त्यांनी सही केली. नाव, गाव, आणि पुढे ‘संस्था’ असा रकाना. ते क्षणभर पेन उचलून थांबले, मग ठसठशीत अक्षरात ‘स्वतः’ असे लिहिले आणि बिल पुन्हा पिशवीत ठेवले.